टांगाईल आणि कॉक्स बाजार: हवाई उतराई वेगळी, सागरी उतराई वेगळी

डिसेंबर १९७१. तीन दिवसांच्या अंतराने भारताने तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात दोन ठिकाणी सैन्य उतरवलं: ११ तारखेला टांगाईलला पॅराशूटने, १४ तारखेला कॉक्स बाजारजवळ जहाजांतून. हेतू दोन्हीकडे सारखाच, माघार घेणाऱ्या पाकिस्तानी फौजेची वाट अडवायची. म्हणून बरेच जण दोन्ही मोहिमा एकाच मापाने मोजतात. मला ते पटत नाही. एकीत जीव टांगणीला लागतो तो किनाऱ्याला पाय लागेपर्यंत, दुसरीत पाय जमिनीला लागल्यानंतर.

सागरी उतराईला आपल्याकडे उभयचर मोहीम म्हणतात. तिची मोठी ताकद म्हणजे वजन. जहाज रणगाडे, तोफा, ट्रक, दारूगोळा सगळं आणतं आणि परत जाऊन आणखी आणतं. लँडिंग शिप आपलं नाक किनाऱ्याच्या वाळूवर चढवतं, पुढचा दरवाजा उघडतं आणि माणसं, गाड्या बाहेर पडतात. मागे टाकलेला नांगर ओढून ते पुन्हा खोल पाण्यात येतं. हे जमायला किनाऱ्याचा उतार, भरती-ओहोटीची वेळ आणि पाण्याखाली वाळूचे दांडे कुठे आहेत, हे आधी ठाऊक असावं लागतं.

कॉक्स बाजारला नेमकं हेच ठाऊक नव्हतं. किनाऱ्याची नीट पाहणी झालेली नव्हती. मोहिमेवर निघालेल्या गुरखा जवानांना अशा उतराईचा सराव नव्हता. कलकत्त्याहून ते व्यापारी जहाजाने आले आणि समुद्रातच घडियाल व गुलदार या नौदलाच्या जहाजांवर चढले. उखियाच्या किनाऱ्याकडे जाताना जहाज वाळूच्या दांड्यावर टेकलं. दरवाजा उघडला, पण दांडा आणि किनारा यांच्यामध्ये खोल पाणी होतं. पाठीवर ओझं घेऊन उतरलेले काही जवान त्यात बुडाले. उतराई थांबवावी लागली आणि उरलेल्यांना नंतर स्थानिक होड्यांतून किनाऱ्यावर आणावं लागलं. समोरून गोळीबार नव्हता, तरी माणसं गेली. शौर्यात हे जवान तसूभरही कमी नव्हते, कमी पडली ती तयारी. म्हणून या मोहिमेबद्दल लिहिताना ही गोष्ट झाकून ठेवू नये.

टांगाईलला उतरली २ पॅरा, म्हणजे पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन, मूळची मराठा पलटण. लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांच्या हाताखाली सुमारे ७०० जवान डाकोटा, पॅकेट, ए-एन १२ अशा विमानांतून आले. लक्ष्य होतं लोहाजंग नदीवरचा पूंगली पूल. मैमनसिंगहून ढाक्याकडे हटणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडचा रस्ता त्यावरून जात होता. आकाशातून आलेल्या फौजेला किनारा लागत नाही, थेट पुलाजवळ उतरता येतं. पण सोबत येतं तेवढंच सामान. रणगाडे नाहीत, तोफा मोजक्या, दारूगोळा संपला की संपला. जवान आणि सामान विखरून पडतं ते वेगळंच. इथे कादर सिद्दिकींच्या मुक्तिवाहिनीचा, म्हणजे बांगलादेशी स्वातंत्र्यसैनिकांचा आधार मिळाला आणि उत्तरेकडून १ मराठा लाइट इन्फंट्री येऊन भिडली. १६ तारखेला ढाक्यात आधी पोहोचणाऱ्यांत २ पॅरा होती.

जमिनीवरून येणारी फौज वेळेत पोहोचली नाही तर काय होतं, ते दुसऱ्या महायुद्धात, सप्टेंबर १९४४ मध्ये नेदरलँड्समधल्या अर्नहेमला दिसलं. तिथल्या ऱ्हाइन नदीवरच्या पुलाच्या उत्तर टोकाला ब्रिटिश पॅराट्रूपर चिवटपणे लढले, मदत आलीच नाही. उतरलेल्या सुमारे १० हजारांपैकी दोन हजारांच्या आसपासच ऱ्हाइनपलीकडे परतले.

आणखी एक गल्लत नेहमी होते. नोव्हेंबर १९८८ मध्ये मालदीवला आग्र्याहून पॅराट्रूपर गेले, म्हणून अनेकांना तिथे पॅराशूटने उडी मारली असं वाटतं. प्रत्यक्षात हुलहुले विमानतळाची धावपट्टी मोकळी होती. आयएल-७६ विमानं रात्री तिथे उतरली आणि जवान चालत बाहेर आले.