कॉमेटला चाचणीनेच दगा दिला

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक चित्र फिरत होतं. डावीकडे चौकोनी खिडक्यांचं जुनं विमान, उजवीकडे आजचं गोलसर खिडक्यांचं. खाली ओळ होती: ‘इंजिनिअरांना खिडकीचे कोपरे गोल करायचं सुचलं नाही, म्हणून ५६ माणसं मेली.’ त्याखाली पंधरावीस जणांनी हळहळ व्यक्त केली होती. मला ते वाचून राहवेना. ज्या माणसांनी ते विमान बनवलं ती अडाणी नव्हती. त्यांनी विमानाचा तुकडा १६,००० वेळा दाबाखाली तपासला होता. तरीही प्रत्यक्ष विमानं ९०० आणि १,२९० उड्डाणांतच फुटली. हे कसं झालं, ही गोष्ट खिडकीच्या आकारापेक्षा कितीतरी मोलाची आहे.

विमानाचं नाव कॉमेट, ब्रिटनच्या डी हॅविलंड कंपनीने बनवलेलं. २ मे १९५२ रोजी ते लंडनहून जोहान्सबर्गला निघालं आणि जगातली पहिली जेट प्रवासी सेवा सुरू झाली. काही महिन्यांतच ही विमानं मुंबईमार्गे कोलंबोलाही जाऊ लागली. बरोबर एका वर्षाने, २ मे १९५३ ला, एक कॉमेट कलकत्त्याच्या डमडम विमानतळावरून उडाल्यावर काही मिनिटांतच वादळात मोडून पडलं. ४३ जण गेले. १० जानेवारी १९५४ ला दुसरं, सिंगापूरहून कलकत्ता, कराचीमार्गे लंडनला परतणारं, रोमहून उडाल्यावर एल्बा बेटाजवळ समुद्रात कोसळलं. त्यात ३५ जण होते. उड्डाणं थांबवली, बऱ्याच सुधारणा केल्या, मार्चमध्ये पुन्हा सुरू केली. ८ एप्रिलला रोमहून कैरोला निघालेलं तिसरं विमान नेपल्सजवळच्या समुद्रात गेलं, आणखी २१ जणांसह. चारच दिवसांनी कॉमेटचा उड्डाण परवाना काढून घेण्यात आला.

एल्बाजवळ पडलेलं विमान तेच होतं, ज्याने १९५२ मध्ये पहिली सेवा दिली होती. ही माहिती आणि २ मे ही तारीख जोडून ‘पनवती’च्या कहाण्या आजही सांगितल्या जातात. माझी कळकळीची विनंती आहे, असं काही पुढे पाठवू नका. ‘अशुभ होतं’ म्हटलं की शोध तिथेच थांबतो. इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या सरकारी विमान संशोधन संस्थेचे तेव्हाचे संचालक आर्नल्ड हॉल आणि त्यांचे सहकारी तिथे थांबले नाहीत, म्हणून आज आपण खिडकीशी बसून ढग बघत निवांत प्रवास करतो.

आता मूळ मुद्दा. कॉमेट ४०,००० फुटांपर्यंत उडायचं. तिथली हवा इतकी विरळ की माणूस बेशुद्ध होईल. म्हणून आत हवा भरून ८,००० फुटांवर असते तेवढा दाब ठेवायचा, म्हणजे साधारण दीड कळसूबाईच्या उंचीवरचा. आतला दाब बाहेरच्यापेक्षा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.५८ किलोने जास्त असे. आपल्या स्वयंपाकघरातला कुकर शिट्टीच्या वेळी साधारण एक किलोचा दाब सोसतो, त्याच्या निम्म्याहून थोडा अधिक. पण कुकर वीतभर रुंद, आणि हे विमान तीन मीटरहून जास्त.

नळीच्या भिंतीतला ताण काढायची रीत सोपी आहे: दाब गुणिले त्रिज्या, भागिले जाडी. त्रिज्या १५६ सेंटिमीटर. पत्रा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ, ०.९ धरू. ०.५८ गुणिले १५६, भागिले ०.०९, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १,००० किलो. हा अ‍ॅल्युमिनियमचा मिश्रधातू तुटायला सुमारे ४,५०० किलो लागतात. म्हणजे भरपूर वाव आहे, असं वाटतं.

पण पत्र्याला भोक पाडलं की हिशेब बदलतो. कापडाच्या दुकानात बघा. ताणलेलं कापड हाताने फाटत नाही. दुकानदार काठाला कात्रीने छोटीशी चीर देतो आणि मग ते सरळ टरकत जातं. चीर नसती तर सगळे धागे मिळून ओढ वाटून घेतात. चीर असली की तिच्या टोकाच्या एकदोन धाग्यांवर सगळ्यांचा भार येतो. केंब्रिजच्या इंग्लिस यांनी १९१३ मध्ये याचं गणित मांडलं: एका दिशेने ओढलेल्या पत्र्यात गोल भोक असलं तरी त्याच्या काठावर ताण तिप्पट होतो, आणि भोक जितकं टोकदार तितका तो आणखी वाढतो. कॉमेटच्या खिडक्यांचे कोपरे गोलसरच होते. तरी अपघातांनंतर फार्नबरोने मोजून आणि हिशेब करून ठरवलं की कोपऱ्याजवळ ताण धातूच्या तुटण्याच्या क्षमतेच्या जवळपास ७० टक्क्यांपर्यंत पोचत होता. कंपनीच्या अंदाजापेक्षा हा आकडा बराच मोठा होता.

७० टक्के म्हणजे अजून तुटायला नको. एकदाच ओढलं तर तुटणारही नाही. पण स्टेपलरची पिन सरळ करून पुढे-मागे वाकवून बघा. पहिल्या वाकवण्याला काही होत नाही, पाचव्याला नाही, आणि मग अचानक हातात दोन तुकडे. धातू म्हणजे सूक्ष्म स्फटिकांची गर्दी असते. जास्त ताण आला की स्फटिकांतले अणूंचे थर एकमेकांवरून किंचित सरकतात, ताण गेल्यावर परततात, पण अगदी पूर्वीच्या जागी नाही. हजारो वेळा असं झालं की पृष्ठभागावर खाचा पडतात आणि एखादी खाच तड्याचं रूप घेते. मग प्रत्येक फेरीला तडा कणभर वाढतो. ठराविक लांबी गाठली की पुढे जायला त्याला नव्या फेरीची गरज उरत नाही. ताणलेल्या पत्र्यात साठलेली ऊर्जाच त्याला पळवते. तड्यांचं हे गणित ग्रिफिथ यांनी १९२१ मध्ये छापलं, तेही फार्नबरोतच काम करताना. यालाच धातूचा थकवा म्हणतात. कॉमेटचं प्रत्येक उड्डाण म्हणजे एक फेरी: वर जाताना विमान फुगायचं, उतरताना ढिलं व्हायचं.

थकव्याची कल्पना कंपनीला होती, म्हणून तर त्यांनी विमानाच्या पुढच्या भागाचा तुकडा घेऊन त्याला १६,००० फेऱ्या दिल्या. तो तेवढा टिकला. आणि इथेच चाचणीने दगा दिला, कारण त्याच तुकड्याला त्याआधी मजबुती तपासायला दुप्पट दाब दिलेला होता.

दुप्पट दाबाने काय होतं, ते जरा सावकाश बघू. कोपऱ्याजवळचा नेहमीचा ताण सुमारे ३,२०० किलो धरा. दुप्पट दाबाला हिशेबाने ६,४०० व्हायला हवा, म्हणजे धातूच्या ताकदीच्या पलीकडे. मग तुकडा तेव्हाच का फाटला नाही? कारण हा धातू काचेसारखा ठिसूळ नाही. कोपऱ्यावरचा तांदळाच्या दाण्याएवढा भाग कायमचा लांबतो आणि जादा भार शेजारच्या पत्र्याकडे सरकवतो. दाब सोडला की शेजारचा पत्रा, जो फक्त रबरासारखा ताणला होता, मूळ जागी यायला बघतो. पण मधला दाणा आता लांब झालेला आहे. त्याला जागा अपुरी पडते, आणि शेजारी त्याला चहूबाजूंनी दाबून धरतात. विमान जमिनीवर निवांत उभं असलं तरी त्या कोपऱ्यात दाब कोंडलेला राहतो.

पुढे नेहमीचा दाब दिला की ओढीतला बराच वाटा हा कोंडलेला दाब नाहीसा करण्यातच जातो. तड्याला उघडायला ओढ लागते; तीच मिळाली नाही तर तडा पडतही नाही, वाढतही नाही. तोफांच्या नळ्या करणारे ही युक्ती मुद्दाम वापरतात. कॉमेटमध्ये ती नकळत झाली, आणि फक्त चाचणीच्या तुकड्यात झाली. विकलेल्या विमानांची केबिन दीडपटीपेक्षाही कमी दाबाला तपासली जात असे. तेवढ्याने कोपऱ्याला असं कवच मिळालं नाही. मजबुती तपासायला दिलेला दाब त्या तुकड्याला थकव्यापासून वाचवत होता, आणि इंजिनिअर तो तुकडा सगळ्या कॉमेटचा प्रतिनिधी समजून निर्धास्त झाले होते. मला यात निष्काळजीपणा दिसत नाही. एकाच तुकड्यावर दोन चाचण्या घ्याव्यात, यात तेव्हा कोणालाही वावगं वाटलं नसतं.

फार्नबरोने मग एक अख्खं कॉमेट पाण्याच्या टाकीत ठेवलं, पंख टाकीबाहेर काढून. हवेऐवजी पाणी अशासाठी की पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे पत्रा फुटला तरी स्फोट होत नाही आणि तुकडे जागेवर सापडतात. आत पंपाने पाणी भरायचं, सोडायचं, पुन्हा भरायचं, रात्रंदिवस. जून १९५४ च्या अखेरीस, आधीची खरी उड्डाणं धरून ३,०५७ फेऱ्या झाल्यावर, दाब एकदम उतरला. पाणी काढून बघतात तर संकटकाळी बाहेर पडायच्या झडपेच्या खिडकीच्या कोपऱ्यापासून पत्रा लांबवर उसवला होता.

पिसा विद्यापीठातल्या डॉक्टरांनी एल्बाच्या मृतदेहांची तपासणी केली होती. फाटलेली फुप्फुसं आणि फुटलेल्या कवट्या केबिन क्षणात फुटल्याचंच सांगत होत्या. पण खुद्द त्या विमानाचा पुरावा हवा होता. ब्रिटिश नौदल पाण्याखाली टीव्ही कॅमेरे सोडून महिनोन् महिने तुकडे शोधत होतं. ऑगस्टमध्ये एका इटालियन मासेमारी बोटीच्या जाळ्यात छताचा एक पत्रा आला. दिशा शोधणाऱ्या रेडिओच्या एरिअलसाठी छतात दोन खिडक्या होत्या, आणि तडा त्यांच्यातल्या एकीच्या कोपऱ्याजवळून निघाला होता. ज्या खिडकीतून कोणी प्रवासी कधी बाहेर बघणार नव्हता, ती ही खिडकी.

त्यानंतर जाड पत्रा आणि गोलसर खिडक्या घेऊन कॉमेट ४ आलं आणि ४ ऑक्टोबर १९५८ ला त्याने अटलांटिकवरची पहिली जेट प्रवासी सेवा सुरू केली. बोइंग ७०७ तीन आठवड्यांनी आलं आणि बाजार घेऊन गेलं. मजबुतीची आणि थकव्याची चाचणी एकाच तुकड्यावर घेऊन निश्चिंत होणं तेव्हापासून बंद झालं.

छताचा तो पत्रा लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये ठेवलेला आहे. दोन चौकोनी भोकं, त्यांच्या कडेने रिव्हेटांच्या रांगा, आणि फाटलेला काठ.