विमानाची इंधन टाकी आणि सक्तीच्या दुरुस्त्या: हे नियम आले कुठून

अमुक मॉडेलच्या विमानांच्या फ्युएल पंपाची वायरिंग इतक्या दिवसांत तपासा, नाहीतर विमान उडवू नका, अशी ऑर्डर अधूनमधून निघते. बातमी चार ओळींची येते, लोक वाचतात आणि विसरतात. पण या प्रत्येक ऑर्डरमागे खूप लांबची गोष्ट असते, आणि बहुतेक वेळा त्या गोष्टीत माणसं गेलेली असतात, म्हणून हा सगळा मागचा इतिहास एकदा सलग लिहावा असं कधीपासून वाटत होतं.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. विमान बनवणारी कंपनी एखादी दुरुस्ती सुचवते तेव्हा ती सर्व्हिस बुलेटिन काढते, आणि ते बहुतेक वेळा सल्ल्यासारखंच असतं, एअरलाइनने सवडीने केलं तरी चालतं. तीच दुरुस्ती सुरक्षेसाठी अत्यावश्यक आहे असं सरकारी नियामकाला वाटलं, म्हणजे अमेरिकेत एफएए आणि युरोपात ईएएसए, की ते एअरवर्दीनेस डायरेक्टिव्ह काढतात. हँगरमध्ये सगळे त्याला एडीच म्हणतात. एडी आली की विषय संपला, दिलेल्या मुदतीत काम झालं नाही तर ते विमान कायद्याने उडू शकत नाही.

आता टाकीकडे येऊ. जेट विमानाचं इंधन म्हणजे मुळात केरोसीनच, आणि थंड केरोसीन सहजासहजी पेटत नाही. जेट ए चा फ्लॅश पॉइंट किमान ३८ अंश सेल्सिअस, त्याहून कमी तापमानाला इंधनावर पेटण्याइतकी वाफच तयार होत नाही. पण टाकी गरम झाली, तळाला थोडंसंच इंधन राहिलं आणि बाकी सगळी जागा वाफ आणि हवेने भरली, की तिथे स्फोटाची तयारी झालेलीच असते. वर गेल्यावर हवेचा दाब कमी होतो तसं हे मिश्रण अजून कमी तापमानाला पेटू शकतं. आणि ठिणगी किती लागते, तर मिलिज्यूलचा साधारण चौथा हिस्सा! गालिच्यावर चालून दाराच्या मुठीला हात लावल्यावर जो चटका बसतो त्यात याहून जास्त ऊर्जा असते.

८ डिसेंबर १९६३ ला पॅन ॲमची फ्लाइट २१४, बोईंग ७०७, मेरीलँडमधल्या एल्कटनजवळ वीज पडून कोसळली, ८१ जण गेले. डाव्या पंखाच्या टोकाकडच्या टाकीतली वाफ पेटली होती. त्यानंतर विजेपासून संरक्षणाचे नियम कडक झाले, पंखांच्या मागच्या कडेला ज्या बारीक काड्या दिसतात ते स्टॅटिक डिस्चार्जर बसवायला लावले गेले. पण मूळ विचार तोच राहिला, की टाकीतली वाफ स्फोटक असणारच असं धरून चालायचं आणि फक्त ठिणगी आत जाऊ द्यायची नाही. वाफेचंच काही करावं हे मिलिटरीला ठाऊक होतं, सी-५ गॅलक्सी या मालवाहू विमानाच्या टाक्यांत द्रवरूप नायट्रोजन वापरून ऑक्सिजन कमी ठेवला जायचा. प्रवासी विमानांसाठी मात्र हे जड, महाग आणि अनावश्यक मानलं गेलं, आणि ही समजूत तीसेक वर्षं टिकली.

११ मे १९९० ला मनिला विमानतळावर फिलिपिन एअरलाइन्सचं बोईंग ७३७-३०० गेटवरून मागे ढकललं जात असताना त्याच्या मधल्या टाकीचा स्फोट झाला, ८ जण गेले. विमान अगदी नवं होतं, दिवस उकाड्याचा होता, आणि त्या मधल्या टाकीत दोन महिने इंधन भरलेलंच नव्हतं, म्हणजे आत तळाचं उरलंसुरलं आणि बाकी वाफ. अमेरिकेच्या एनटीएसबीने, म्हणजे अपघातांचा तपास करणाऱ्या संस्थेने, पंप, इंधनाची पातळी ओळखणारे फ्लोट स्विच आणि त्यांची वायरिंग तपासायच्या शिफारसी केल्या. मोठा बदल काही झाला नाही. मला या सगळ्या इतिहासात सगळ्यात जास्त टोचतो तो हाच टप्पा, कारण सहा वर्षांनी जे झालं त्याची जवळजवळ सगळी लक्षणं इथे दिसली होती.

१७ जुलै १९९६. टीडब्ल्यूए फ्लाइट ८००, न्यूयॉर्कच्या जेएफकेवरून पॅरिसला निघालेलं बोईंग ७४७, २५ वर्षं जुनं. रात्री ८ वाजून १९ मिनिटांनी उड्डाण, ८ वाजून ३१ मिनिटांनी लाँग आयलंडच्या किनाऱ्यापासून थोडं पुढे साधारण १३,७०० फुटांवर स्फोट, आणि विमानातले सगळेच्या सगळे २३० जण गेले. सुरुवातीला बॉम्ब म्हणाले, क्षेपणास्त्र म्हणाले, एफबीआयने मोठा गुन्हेगारी तपास केला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये घातपाताचा पुरावा नाही म्हणून तो थांबवला. दरम्यान समुद्राच्या तळातून जवळजवळ ९५ टक्के अवशेष वर काढले होते आणि कॅल्व्हर्टनच्या हँगरमध्ये तुकड्याला तुकडा लावून विमानाचा मधला भाग परत उभा केला होता.

काय झालं होतं ते पाहण्यासारखं आहे. ७४७ ची मधली टाकी पंखांच्या मध्ये, विमानाच्या पोटात असते आणि तिच्या बरोबर खाली एअर कंडिशनिंगचे पॅक. ते चालू असले की प्रचंड गरम होतात. त्या संध्याकाळी विमान जमिनीवर बराच वेळ उभं होतं, पॅक दोनेक तास चालू होते, आणि पॅरिसपर्यंत मधल्या टाकीतल्या इंधनाची गरज नसल्याने जवळजवळ १३,००० गॅलनच्या त्या टाकीत फक्त ५० गॅलनच्या आसपास इंधन तळाला होतं. म्हणजे खालून आच दिलेली, रिकामी, वाफेने भरलेली टाकी. स्फोटाच्या दोनेक मिनिटं आधी कॅप्टनने चार नंबरच्या इंजिनाचा फ्युएल फ्लो इंडिकेटर विचित्र वागतोय असं म्हटलेलं कॉकपिट रेकॉर्डरवर आहे. एनटीएसबीचा अंतिम निष्कर्ष ऑगस्ट २००० मध्ये आला: ठिणगी नक्की कुठून आली हे खात्रीने सांगता येत नाही, पण सगळ्यात जास्त शक्यता अशी की टाकीच्या बाहेर शॉर्ट सर्किट होऊन जास्त व्होल्टेज इंधन मोजणाऱ्या यंत्रणेच्या वायरींतून आत शिरलं. या मोजणीच्या वायरी मुद्दाम अगदी कमी ऊर्जेच्या ठेवलेल्या असतात, त्यांच्यातून ठिणगी पडूच नये म्हणून, पण त्या जास्त व्होल्टेजच्या वायरींसोबत एकाच जुडग्यात बांधलेल्या होत्या आणि पंचवीस वर्षांत इन्सुलेशन तडकलं होतं.

एनटीएसबीने मात्र अंतिम निष्कर्षाची वाट पाहिली नव्हती. डिसेंबर १९९६ मध्येच त्यांनी एफएएला सांगितलं होतं की फक्त ठिणगीच्या मागे लागू नका, वाफ पेटूच शकणार नाही असं करा, नायट्रोजनचा विचार करा. पुढच्या वर्षीपासून हा मुद्दा त्यांच्या सर्वात हव्या असलेल्या सुधारणांच्या यादीत गेला. इंडस्ट्रीच्या प्रतिनिधींच्या समितीने १९९८ मध्ये आणि परत २००१ मध्ये अभ्यास केला, दोन्ही वेळा सूर एकच, खर्च फार आणि फायदा त्या मानाने कमी.

मग काम सुरू झालं ते ठिणगीच्याच बाजूने. मे १९९८ मध्ये एफएएने जुन्या ७३७ विमानांसाठी तातडीची ऑर्डर काढली, ५०,००० तासांपेक्षा जास्त उडालेली विमानं तपासणीशिवाय उडवायची नाहीत. टाकीतून इंजिनाकडे इंधन ढकलणाऱ्या बूस्ट पंपाच्या वायरी टाकीतून जातात त्या ॲल्युमिनियमच्या नळीतून, तिला काँड्युइट म्हणतात. वर्षानुवर्षं थरथरून थरथरून वायरीचं कव्हर नळीच्या आत घासलं जातं, तांबं उघडं पडतं आणि एक दिवस वायर नळीला आर्क मारते, म्हणजे वायर आणि नळीमध्ये ठिणगी उडते. आणि नळीच्या पलीकडे काय आहे, तर इंधन! तपासणीत खरोखरच घासलेल्या आणि आर्किंगच्या खुणा असलेल्या वायरी सापडल्या.

असल्या दुरुस्त्या करायच्या म्हणजे काय ते विमानात बसणाऱ्याला कधी दिसत नाही. टाकी पूर्ण रिकामी करायची, हवा खेळवत ठेवायची, गॅस मीटरने वाफ मोजायची, आणि रीडिंग सुरक्षित आलं की मेकॅनिक एका अंडाकृती झाकणाच्या भोकातून अंग चोरून आत शिरतो. आत पडून, हाताच्या अंतरावर, एकेक क्लॅम्प, एकेक बाँडिंग जंपर (धातूचे भाग विजेच्या दृष्टीने एकमेकांना जोडणारी छोटी तार), बोल्टच्या डोक्यावरचा सीलंटचा थर नीट आहे का बघायचं. बाहेर एकजण सतत त्याच्यावर लक्ष ठेवून उभा. या लोकांबद्दल मला मनापासून आदर आहे.

२००१ मध्ये एफएएने एसएफएआर ८८ नावाचा नियम आणला, आणि माझ्या मते खरा मोठा बदल इथून सुरू झाला. तोपर्यंत अपघात झाला की तेवढाच भाग बदला असं चालायचं. या नियमाने विमान बनवणाऱ्या कंपन्यांना सांगितलं की तुमच्या प्रत्येक मॉडेलची पूर्ण फ्युएल सिस्टीम पहिल्यापासून तपासा आणि ठिणगी कुठून कुठून येऊ शकते ते सगळं शोधून काढा. त्यातून एडींची मोठी रांगच लागली: पंपांच्या सर्किटला ग्राउंड फॉल्ट संरक्षण (वीज भलतीकडे गळाली की सर्किट तोडणारं), टाकी कोरडी पडली की पंप आपोआप बंद करणारी यंत्रणा, वायरींमध्ये ठरावीक अंतर. आणि सीडीसीसीएल नावाचा प्रकार आला, म्हणजे डिझाइनमधल्या अशा गोष्टी ज्या दुरुस्ती करताना कोणीही, कधीही बदलायच्या नाहीत.

नियम निघायच्या आधीच, ३ मार्च २००१ ला, बँकॉकमध्ये थाई एअरवेजच्या ७३७-४०० ची मधली टाकी उभ्या विमानात फुटली होती. पंतप्रधान थाकसिन शिनावात त्याच विमानाने जाणार होते म्हणून आधी बॉम्बचा संशय आला, पण परत तेच, उकाडा, चालू पॅक, रिकामी टाकी आणि कोरडे चालणारे पंप. केबिन क्रूपैकी एकाचा जीव गेला. ४ मे २००६ ला बंगळूर विमानतळावर ट्रान्समाइलचं बोईंग ७२७ मालवाहू टो करून नेत असताना डाव्या पंखातली टाकी फुटली, कारण काँड्युइटमधल्या वायरीचं आर्किंग. सुदैवाने कोणी गेलं नाही, पण इतक्या ऑर्डरी काढूनही ठिणगी थांबत नाही हे परत सिद्ध झालं.

वाफेचा प्रश्न सोडवला तो एफएएच्याच अटलांटिक सिटीतल्या फायर सेफ्टीच्या संशोधकांनी. हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो, टाकीत तो ९-१० टक्क्यांच्या खाली आणायला लागतो असं मिलिटरीच्या हिशेबाने मानलं जायचं आणि त्यामुळे यंत्रणा अवजड व्हायची. यांनी प्रयोगांतून दाखवलं की प्रवासी विमानाला १२ टक्के पुरतो. एवढ्याशा फरकाने सगळं गणित बदललं! इंजिनातून येणारी दाबाची हवा थंड करून केसासारख्या बारीक पोकळ तंतूंच्या गठ्ठ्यातून सोडायची, ऑक्सिजन तंतूंच्या भिंतीतून लवकर बाहेर पडतो, तो विमानाबाहेर टाकायचा, आणि उरलेली नायट्रोजनवाली हवा टाकीत सोडायची. या गठ्ठ्यात फिरणारा एकही भाग नाही. २००३ मध्ये एअरबस ए३२० वर आणि नंतर स्पेस शटल पाठीवर घेऊन उडणाऱ्या नासाच्या ७४७ वर हे उडवून तपासलं.

तरीही अंतिम नियम यायला जुलै २००८ उजाडला. वाहतूक मंत्री मेरी पीटर्स यांनी तो जाहीर केला तो व्हर्जिनियातल्या ॲशबर्नला, एनटीएसबीच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये, जिथे फ्लाइट ८०० चे जोडलेले अवशेष ठेवले होते. चालू असलेल्या २,७३० एअरबस आणि बोईंग प्रवासी विमानांत ही यंत्रणा बसवायला नऊ वर्षं दिली. १९९२ आधी बनलेली विमानं आणि मालवाहू विमानं यातून सुटली, ते मला आजही पटत नाही, मालवाहू विमानातही पायलट असतातच की. २०१२ मध्ये तर ७४७ आणि ७५७ च्या फिटिंगच्या सूचना मुदतीत दिल्या नाहीत म्हणून एफएएने बोईंगला १ कोटी ३५.७ लाख डॉलरचा दंड प्रस्तावित केला होता. म्हणजे फ्लाइट ८०० च्या अपघातापासून सगळी विमानं नीट व्हायची मुदत संपेपर्यंत २१ वर्षं गेली.

सगळ्याच सक्तीच्या दुरुस्त्या स्फोटाच्या नव्हत्या. २५ जुलै २००० ला कॉन्कॉर्डचा टायर फुटून त्याचा तुकडा पंखाखाली आदळला, धक्क्याच्या लाटेने टाकी आतून फाटली, ११३ जण गेले, आणि टाक्यांना केव्हलारचं अस्तर आणि नवे टायर बसवल्यावरच ते विमान नोव्हेंबर २००१ मध्ये परत प्रवासी घेऊन उडालं. १७ जानेवारी २००८ ला ब्रिटिश एअरवेजचं ७७७ इंधनातल्या बर्फामुळे हीथ्रोच्या धावपट्टीच्या अलीकडेच उतरलं, सगळे वाचले, आणि बर्फ जिथे अडकायचा तो हीट एक्सचेंजर बदलायची सक्ती झाली.

पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते २० ऑगस्ट २००७ चं ओकिनावातल्या नाहा विमानतळावरचं. चायना एअरलाइन्सचं ७३७-८०० उतरलं, उभं राहिलं आणि पेटलं. १६५ जण होते, सगळे बाहेर पडले. पंखाच्या पुढच्या कडेला जे स्लॅट असतात त्यांच्या आतला एक बोल्ट सुटून पडला होता आणि स्लॅट आत घेताना तोच बोल्ट टाकीच्या भिंतीतून आरपार गेला. तपासात कळलं की नट सैल होतोय म्हणून कंपनीने सुचवलेली दुरुस्ती त्याच जागी काही आठवडे आधी केली होती आणि ती करताना एक वॉशर पडला आणि परत बसलाच नाही. जागा इतकी अडचणीची की डोळ्यांना नीट दिसतही नाही, चाचपूनच काम करायचं. एफएएने लगेच तातडीची एडी काढली, आधी २४ दिवसांची मुदत दिली आणि मग इतर विमानांतही सुटे भाग सापडायला लागल्यावर ती १० दिवसांवर आणली.

हे काम संपलेलं नाही. २०२४ मध्ये एफएएने बोईंग ७७७ साठी नवी एडी प्रस्तावित केली, मधल्या टाकीत स्थिर विजेची ठिणगी पडू शकते म्हणून, आणि बाँडिंग कमी पडलेला भाग होता नायट्रोजनवाली हवा पोचवणाऱ्या यंत्रणेचाच.