अदखलपात्र वेगळं, जामीनपात्र वेगळं

पोलीस ठाण्यात तक्रार ‘एनसी’ (म्हणजे अदखलपात्र) म्हणून नोंदली गेली की अनेकजण म्हणतात, ‘जामीनपात्र आहे, आता काही होणार नाही.’ इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते आणि तिची झळ तक्रारदाराला बसते.

दखलपात्र की अदखलपात्र, हा प्रश्न पोलिसांच्या अधिकाराचा. दखलपात्र गुन्ह्यात ते एफआयआर नोंदवून थेट तपास करू शकतात, वॉरंटशिवाय अटकही करू शकतात. अदखलपात्र असेल तर फक्त नोंद होते. मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपास नाही. जामीनपात्र की अजामीनपात्र, हा प्रश्न आरोपीच्या हक्काचा. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन द्यायला तयार असलेल्या आरोपीला सोडावंच लागतं. अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही असं नव्हे. तो द्यायचा की नाही हे कोर्ट ठरवतं.

शेजाऱ्यांची मारामारी घ्या. कानाखाली मारली, गाल सुजला, तर ती साधी दुखापत: भारतीय न्याय संहितेचं कलम ११५(२), एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हा गुन्हा अदखलपात्रही आणि जामीनपात्रही. तोंडावर बुक्की मारून दात पाडला, तर मात्र गंभीर दुखापतीचं कलम ११७(२) लागू शकतं. त्यात सात वर्षांपर्यंत कैद आहे, गुन्हा दखलपात्र आहे, आणि तरीही जामीनपात्रच! म्हणून मारामारीनंतर वैद्यकीय तपासणी टाळू नका. एक्स-रेमध्ये फ्रॅक्चर निघालं की कलम बदलू शकतं. शिवाय एकाच प्रकरणातलं एक जरी कलम दखलपात्र असलं, तरी सगळं प्रकरण दखलपात्र धरतात.

चोरी एरवी दखलपात्र आणि अजामीनपात्र. पण १ जुलै २०२४ पासून, ५,००० रुपयांहून कमी किमतीची चोरी पहिल्यांदाच सिद्ध झाली आणि माल किंवा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची. असा गुन्हा अदखलपात्र ठरतो.

एनसीची प्रत कपाटात ठेवून गप्प बसणं मला सर्वांत घातक वाटतं. तपासाचा आदेश मिळावा म्हणून मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो, थेट कोर्टात खासगी फिर्यादही दाखल करता येते. पण साध्या दुखापतीसाठी मुदत एक वर्षाची आहे. ती उलटली की आधी उशिराचं कारण कोर्टाला पटवावं लागतं. त्यामुळे एनसीची प्रत, डॉक्टरांचा दाखला आणि साक्षीदारांची नावं घेऊन लवकरात लवकर वकिलाला भेटा.