स्वमग्न प्रौढ : सहवेदना आणि कामातील अभिव्यक्ती (खानदेश)

स्वमग्नता (ऑटिझम) ही मेंदूच्या विकासातील जन्मजात भिन्नता असून ती वयाबरोबर सरत नाही. प्रस्तुत नोंद जळगाव, धुळे, नंदुरबार या भागातील प्रौढांना धरून आहे.

‘ऑटिझम’ ही मूळ संज्ञा स्विस मानसोपचारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९१०–११ च्या सुमारास ‘स्वतः’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून स्किझोफ्रेनिया या मनोविकाराच्या एका लक्षणासाठी घडवली. स्वतंत्र स्थितीच्या आद्य वर्णनाचे श्रेय बहुधा डॉक्टर लिओ कॅनर (१९४३) व हान्स ॲस्पर्गर (१९४४) यांना देतात. मात्र सोव्हिएत मानसोपचारतज्ज्ञ ग्रुन्या सुखारेवा यांचे सहा मुलांविषयीचे लेखन १९२५–२६ मधले असल्याने अग्रमान त्यांना देणे अधिक सयुक्तिक. मराठी पर्यायही निर्दोष नाही; ‘मग्न’ म्हटले की दुसऱ्याची पर्वा नसलेला, असाच अर्थ ऐकणारा घेतो.

स्वमग्न व्यक्तींत सहवेदना, म्हणजे दुसऱ्याचे मन व दुःख जाणणे, नसते हे मत मुख्यतः १९८५ च्या बॅरन-कोहेन, लेस्ली व फ्रिथ या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगावर उभे राहिले. त्यात २० पैकी १६ स्वमग्न मुलांना दुसऱ्याची चुकीची समजूत ओळखता आली नाही. पण ही परीक्षा दुसऱ्याचा विचार ताडण्याची होती, त्याच्या दुःखाने कळवळण्याची नव्हे. स्वतः स्वमग्न असलेले अभ्यासक डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये ‘दुहेरी सहवेदना’ ही कल्पना मांडली : न समजणे दोन्ही बाजूंनी असते. हेच मत अधिक ग्राह्य वाटते. शिवाय स्वतःची भावना शब्दांत न सांगता येणे ही काहींची वेगळीच अडचण असते.

‘कसं काय शे?’ हा अहिराणीतला प्रश्न उत्तरासाठी नसतो. शब्दशः उत्तर देणारा तिथेच विक्षिप्त ठरतो. मयतीच्या घरी एक शब्द न बोलणारा माणूस त्या घरचा बंद पडलेला पंप दुरुस्त करून जात असेल, तर ती सहवेदनाच होय. सोन्याची घडण, केळीच्या घडांची निवड, गोधडीचे टाके यांत एकाच गोष्टीवर खिळणारे लक्ष उपयोगी पडू शकते. कापसाच्या जिनिंगमधला किंवा लिलावातला गोंगाट मात्र असह्य होऊ शकतो. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) घरकाम-शेतकाम करताना गाणी रचत, तेव्हा कामातून व्यक्त होणे या मुलखाला नवे नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. सरकारी नोकऱ्यांतील ४ टक्के राखीव जागांपैकी १ टक्का तिला बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार इत्यादींसह एकत्रित मिळतो.

केवळ एकांतप्रियतेवरून निदान करू नये. चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस (१९१२–८९) अनेक दशके क्वचितच घराबाहेर पडले; तेवढ्यावरून त्यांना या नोंदीत ओढणे गैर होईल.