चालढकल: सव्वासात वाजता मन का फिरतं?

"मुलगा हुशार आहे हो, पण आळशी." इंदुरात भंवरकुआँच्या आसपास खोली घेऊन एमपीपीएससीची (मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची) तयारी करणाऱ्या मुलांच्या घरी हे वाक्य हमखास ऐकू येतं. माझ्या भाच्याबद्दल ताईचंही हेच मत होतं. मी त्याच्या खोलीवर गेलो तेव्हा टेबलासमोरच्या भिंतीवर वेळापत्रक चिकटवलेलं दिसलं. पट्टीनं आखलेले रकाने आणि विषयागणिक वेगळा रंग. पहाटे साडेपाचला उठणे, सहा ते आठ राज्यव्यवस्था, दुपारी इतिहास, रात्री आठ ते बारा मध्य प्रदेशाचा भूगोल. भूगोलाच्या रकान्याशेजारी लाल शाईत 'मोबाइल बंद' लिहून खाली दोन रेघा मारलेल्या. बाकीचं बरंचसं पाळलं जातं, पण रात्री आठचा रकाना काही केल्या जमत नाही, हे त्यानंच सांगितलं. "मामा, दुपारी अगदी पक्कं ठरलेलं असतं. आठ वाजता काय होतं तेच कळत नाही."

या बोलण्यात मला आळस कुठेच दिसला नाही. खरा आळशी माणूस रकाने आखत बसत नाही, आणि न पाळलेल्या रकान्यासाठी रात्री तळमळतही नाही. चालढकल करणाऱ्याला काम करायचं असतं, ते न केल्यानं नुकसान होणार हेही ठाऊक असतं, तरी तो ते पुढे ढकलतो. कॅलगरी विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ पिअर्स स्टील यांनी २००७ साली या विषयावरच्या शेकडो अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, त्यातही चालढकलीची ओळख साधारण अशीच दिली आहे: नुकसान होणार हे दिसत असूनही, स्वतःच ठरवलेलं काम स्वतःहून लांबवणं. मग दुपारी चारला एक ठरवणारं आणि आठला नेमकं उलटं वागणारं मन असतं तरी कसं? याचं जे उत्तर मिळालं आहे त्यात गणित आहे, आणि ते मला फार आवडतं. म्हणून त्यावर जरा रेंगाळणार आहे.

उद्या मिळणारी गोष्ट आपल्याला आज मिळणाऱ्या गोष्टीपेक्षा कमी मोलाची वाटते. हे माणसांत दिसतं, उंदरांत दिसतं, कबुतरांतही दिसतं. प्रश्न इतकाच, की काळाच्या अंतरानं मोल घटतं ते कोणत्या चालीनं? १९३७ साली पॉल सॅम्युएल्सन या अर्थशास्त्रज्ञानं त्यासाठी जे सूत्र मांडलं ते म्हणजे उलटं चालवलेलं चक्रवाढ व्याज. दर तासाला किंवा दर दिवसाला मोल ठरावीक टक्क्यांनी उतरतं. हिशेबाला ते फार सोयीचं आहे, पण प्रत्यक्ष प्राणी तसे वागत नाहीत. हार्वर्डमध्ये रिचर्ड हर्नस्टाइन यांच्या प्रयोगशाळेत कबुतरांवर काम केलेले मनोविकारतज्ज्ञ जॉर्ज एन्सली यांनी १९७५ साली दाखवून दिलं, की ही घट सुरुवातीला फार तीव्र असते आणि पुढे मंदावत जाते. १९८७ मध्ये जेम्स मेझर यांनी तिला नेटकं रूप दिलं: गोष्टीचं मूळ मोल भागिले (१ + क × अंतर). यातला क म्हणजे त्या त्या जिवाचा उतावळेपणा. शाळेत ज्या वक्राला आपण अपास्त (हायपरबोला) म्हणतो तोच हा.

हे सूत्र भाच्याच्या रात्रीवर चालवून बघू. रात्री आठला मित्र ऑनलाइन गेम खेळायला जमतात. त्या मजेचं मोल ३० धरा. आठ ते बारा अभ्यास केला तर बारा वाजता पदरात पडणाऱ्या फळाचं मोल १००. सोपं जावं म्हणून क = १ घेऊ आणि अंतर तासांत मोजू.

दुपारी चार वाजता गेम चार तासांवर आहे. ३० भागिले ५, म्हणजे ६. अभ्यासाचं फळ आठ तासांवर आहे. १०० भागिले ९, म्हणजे ११ हून थोडं जास्त. अभ्यास जवळजवळ दुपटीनं सरस. अशा वेळी मुलगा वेळापत्रकाकडे बघून 'आज भूगोल संपवायचाच' म्हणतो तेव्हा तो स्वतःला फसवत नसतो. त्याला खरोखरच तसं वाटत असतं.

आता आठ वाजले. गेम समोर आहे, अंतर शून्य, मोल पूर्ण ३०. अभ्यासाचं फळ अजून चार तासांवर, म्हणजे १०० भागिले ५, फक्त २०. पारडं फिरलं. दोन्ही मोलं नेमकी बरोबरीला कधी येतात ते समीकरण मांडून काढलं, तर आठच्या सुमारे ४३ मिनिटं आधी, म्हणजे सव्वासातच्या सुमाराला. त्याआधी त्याचा निर्णय अभ्यासाच्या बाजूनं असतो, त्यानंतर गेमच्या. मधल्या काळात मुलगा बदललेला नसतो, त्याची ध्येयंही बदललेली नसतात. घड्याळ तेवढं पुढे सरकलेलं असतं.

चक्रवाढीच्या सूत्रानं असं कधीच होत नाही. दर तासाला २० टक्के घट धरली तर आठ वाजता अभ्यास ४१ आणि गेम ३०. चार वाजता अभ्यास १६.८ आणि गेम १२.३. आकडे लहान झाले, पण दोघांतलं प्रमाण तेच राहिलं. घट दर तासाला निम्मी धरली तर दोन्ही वेळा गेम जिंकतो, तोही त्याच प्रमाणात. म्हणजे चक्रवाढीनं चालणारा माणूस एक तर कायम अभ्यास करील किंवा कायम खेळत बसेल. त्याला पश्चात्ताप होणार नाही, कारण त्याचं मत पालटणारच नाही. अपास्त मात्र पहिल्या तासातच मोल निम्म्यावर आणतो, आणि आठव्या तासाकडून नवव्या तासाकडे जाताना जेमतेम दहावा भाग कमी करतो. जवळची वस्तू अंगावर येते आणि दूरच्या दोन वस्तू जवळपास सारख्याच दूर भासतात, त्याचं कारण हे. राजवाड्याजवळच्या एखाद्या अरुंद गल्लीत उभे राहा. नाकासमोरचं दुमजली दुकान सात मजली राजवाडा झाकून टाकतं. शंभर पावलं मागे या, राजवाडा पुन्हा सगळ्यांच्या वर उठलेला दिसतो. डोळ्याला भासणारी उंची म्हणजे साधारणपणे खरी उंची भागिले अंतर, आणि हे सूत्र मेझरच्या सूत्राचं सख्खं भावंड आहे.

हे नुसतं कागदी गणित नाही. १९७२ साली हॉवर्ड रॅकलिन आणि लिओनार्ड ग्रीन यांनी भुकेल्या कबुतरांसमोर दोन कळा, म्हणजे चोचीनं दाबायची बटणं, ठेवल्या. एकीवर चोच मारली की लगेच दोन सेकंद दाणे मिळत, दुसरीवर मारली की चार सेकंद थांबून चार सेकंद दाणे. दोन्ही समोर असताना कबुतरं थांबायला तयार नसत; कमी पण लगेच मिळणारे दाणे घेत. मग त्यांना काही सेकंद आधीच आणखी एक निवड दिली: मोहाची कळ पुढे येणारच नाही, फक्त थांबायचीच येईल, असा रस्ता हवा का? हे आधीचं अंतर वाढवत सोळा सेकंदांपर्यंत नेलं, तसतशी कबुतरं हाच रस्ता अधिकाधिक निवडू लागली. दाण्यासमोर न टिकणारा पक्षी दाण्यापासून लांब असताना स्वतःचा मोह स्वतःच दूर ठेवतो. मेझर यांनी १९९६ मध्ये याची दुसरी बाजू दाखवली: आता थोडं काम की नंतर कितीतरी जास्त काम, असं विचारलं तर कबुतरं नंतरचं जास्त काम पत्करतात. फळाप्रमाणे कष्टही दुरून लहान दिसतात.

माणसात याला भावनेची जोड मिळते. फुशिया सिरोइस आणि टिमथी पिचिल यांनी २०१३ साली मांडलं, की चालढकल हा मुळात वेळेच्या नियोजनाचा प्रश्न नाही, तर त्या क्षणीच्या नकोशा भावनेपासून सुटका करून घेण्याचा मार्ग आहे. भूगोलाचं पुस्तक उघडलं की 'आपल्याला काही येत नाही' ही धास्ती ताबडतोब येते, अंतर शून्य. पुस्तक मिटलं की सुटकाही ताबडतोब.

इथे चौघडियाबद्दल, म्हणजे दिवस-रात्रीच्या शुभ-अशुभ मानलेल्या भागांबद्दल, बोलायलाच हवं. माळव्यात कामाला हात घालण्यापूर्वी ते बघायची पद्धत घरोघरी आहे आणि ताईनंही मुलाला अमृत चौघडियावर पुस्तक उघडायला सांगितलं होतं. शिवाय कुणीतरी शनी दाखवून एक अंगठीही सुचवली होती. मला याचा मनापासून राग येतो. 'काल' आणि 'उद्वेग' हे अशुभ मानलेले चौघडिये टळेपर्यंत थांबणं म्हणजे चालढकलीला घरातल्या मोठ्यांनीच दिलेली परवानगी आहे, आणि अंगठीच्या पैशात महिनाभर लायब्ररीतली जागा मिळते. तितकाच राग मोबाइलवरच्या 'डोपामिन डिटॉक्स'चा येतो. डोपामिन हे मेंदूतलं एक संदेशवाहक रसायन आहे, ते काही शरीरात साचलेलं विष नाही, की उपास करून ते धुऊन काढावं. '२१ दिवसांत सवय' हेही असंच. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, आणि माणसागणिक तो काळ १८ ते २५४ दिवस इतका वेगवेगळा निघाला. बाविसाव्या दिवशी जमलं नाही म्हणून सोडून देणाऱ्या मुलांचं या २१ आकड्यानं फार नुकसान केलं आहे.

सूत्रावरून उपाय बराचसा आपोआपच निघतो. आठ वाजता मनाशी कुस्ती खेळून फारसं हाती लागत नाही, कारण तेव्हा ३० विरुद्ध २० अशी लढत असते. जे करायचं ते सव्वासातच्या आधी, आपलं मत अजून अभ्यासाच्या बाजूला असताना. मोबाइल सात वाजता जवळच्या लायब्ररीच्या काउंटरवर किंवा मेसवाल्या मावशींकडे ठेवायचा. तो परत मिळायला अर्धा तास लागत असेल तर गेमचं मोल ३० भागिले दीड, म्हणजे २० झालं, बरोबरी. पाऊण तास लागत असेल तर १७, अभ्यास जिंकला. इच्छाशक्ती तितकीच राहिली, अंतर तेवढं वाढलं. दुसऱ्या बाजूनं अभ्यासाचं फळ जवळ आणता येतं: चार तासांच्या धड्याऐवजी नर्मदेच्या उपनद्यांवरचे वीस प्रश्न, अर्ध्या तासात सोडवायचे आणि लगेच तपासायचे.

तिसरा उपाय मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांचा. नुसतं 'रात्री अभ्यास करीन' म्हणण्याऐवजी 'मेसमधून परत आलो की हात धुऊन थेट नकाशाची वही उघडीन' असं वेळ-जागेसकट आधीच ठरवायचं. त्यांच्या १९९७ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांना नाताळच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ कशी घालवली याचं टिपण दोन दिवसांत लिहून पाठवायचं होतं. कुठे आणि केव्हा लिहिणार हे ज्यांनी आधी ठरवलं त्यांच्यापैकी सुमारे तीन-चतुर्थांश जणांनी ते वेळेत पाठवलं. बाकीच्यांत हे प्रमाण एक-तृतीयांशाच्या आसपास होतं.

आणि रकाना चुकलाच तर? कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठात २०१० मध्ये झालेल्या एका अभ्यासात, पहिल्या परीक्षेआधी केलेल्या चालढकलीबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेआधी कमी चालढकल केली. वरच्या हिशेबात हे नीट बसतं: पुस्तकाला चिकटलेली शरम जितकी जास्त, तितकी पुस्तक मिटल्यावर मिळणारी सुटका गोड. म्हणून घरच्यांनी फोनवर रोज 'आळशी' म्हणू नये, असं मी कळकळीनं सांगतो.

प्रत्येक चालढकल मात्र या वक्रात बसत नाही. लहानपणापासून कुठेच लक्ष टिकत नसेल, किंवा आवडीच्या गोष्टींतलाही रस आठवडेच्या आठवडे गेला असेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर ते एडीएचडी (लक्ष टिकवता न येण्याचा विकार) किंवा नैराश्य असू शकतं. तिथे वेळापत्रक किंवा युक्त्या पुरत नाहीत, मानसोपचारतज्ज्ञ लागतात. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे समुपदेशकाशी विनामूल्य बोलता येतं.