आइस हॉकी स्केट : बुटाचे माप आणि रुळवणे

आइस हॉकीच्या नव्या स्केटचा बूट पायाच्या घडणीनुसार निवडणे, उष्णतेने त्याला आकार देणे आणि बर्फावर वापरून तो रुळवणे, अशी ही प्रक्रिया आहे. या खेळात शरीराचा सारा भार सुमारे ३ मिमी. जाडीच्या पोलादी पात्यावर तोललेला असतो. टाच बुटात किंचित जरी उचलली गेली, तरी पात्याच्या कडेवर यायचा जोर वाया जातो. त्यामुळे चालण्याच्या बुटाचे निकष येथे लागू पडत नाहीत.

बूट आणि पाते यांचा इतिहास दीर्घकाळ वेगळा होता. विल्यम फिट्झस्टीफन या इंग्रज लेखकाने लंडनचे वर्णन करताना (सु. ११७४) पायांखाली जनावरांच्या नळीची हाडे बांधून, लोखंडी टोकाच्या काठीने रेटा देत गोठलेल्या दलदलीवर घसरणाऱ्या तरुणांची नोंद केली आहे. हाडाला धार नसते, म्हणून पादत्राण सैल असले तरी फारसे बिघडत नसे. नेदरलँड्सच्या परिसरात, बहुधा तेराव्या-चौदाव्या शतकांत, लोखंडी पाती आली आणि पायानेच रेटा देणे शक्य झाले. घोट्याला आधार आणि टाचेला पकड यांची गरज खऱ्या अर्थाने तेव्हापासूनची. तरीही पाते रोजच्याच बुटाला पट्ट्यांनी बांधले जाई. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फिलाडेल्फियाच्या बुशनेलचे पोलादी पकडीचे स्केट आणि १८६० च्या दशकात कॅनडातील डार्टमथ (नोव्हा स्कोशा) येथील स्टार कंपनीचे, जॉन फोर्ब्झच्या नावाशी निगडित असलेले स्प्रिंग-पकडीचे स्केट प्रचारात आले.

पाते बुटाला कायमचे जोडण्याचे श्रेय कोणाचे, याबाबत एकमत नाही. काही लेखक ते अमेरिकन स्केटर जॅक्सन हेन्स याला देतात (१८६० चे दशक). हॉकीपुरते बोलायचे तर किचनर (आँटॅरिओ) येथील बाउर कंपनीचे १९३३ हे वर्ष सांगितले जाते. मात्र त्याआधीही खेळाडू बूट व पाती वेगवेगळी विकत घेऊन दुकानदाराकडून किंवा चांभाराकडून रिव्हेटने (धातूच्या खिळ्यांनी) जोडून घेत. त्यामुळे जोडणीच्या शोधापेक्षा जोडलेले स्केट तयार माल म्हणून बाजारात आणण्याचे श्रेय या कंपनीला देणे अधिक सयुक्तिक वाटते. त्यानंतर मात्र बूट चुकला की स्केटच चुकले, अशी स्थिती झाली.

उत्तर अमेरिकी क्रमांकपद्धतीत स्केट नेहमीच्या बुटापेक्षा एक ते दीड क्रमांकाने लहान घेतात. भारतात रूढ असलेले ब्रिटिश क्रमांक मुळातच सुमारे एकाने लहान असतात, हे तुलना करताना ध्यानात घ्यावे. सरळ उभे राहिल्यावर बोटे बुटाच्या पुढच्या टोपीला (बोटांवरच्या कठीण आवरणाला) हलकेच टेकावीत आणि गुडघे वाकवताच टाच मागे बसून बोटे सुटावीत. चवड्याच्या रुंदीसाठी ‘डी’ (साधारण) आणि ‘ईई’ (रुंद) ही अक्षरे रूढ आहेत. पायाची उंची तपासण्याची एक साधी रीत आहे: नाडी न बांधता वरून तिसऱ्या छिद्रांच्या जोडीवर पेन्सिल आडवी ठेवायची. ती पायाला टेकली, तर बूट उथळ आहे. असा बूट कितीही वापरला तरी खोल होत नाही. रुळल्यावर ठीक होईल या भरवशावर चुकीच्या आकाराचा बूट घेणे हे बहुतेक दुखण्यांचे मूळ आहे.

जुने चामडी बूट रुळायला अनेक आठवडे लागत. ओले मोजे घालून ते पायावरच वाळू देण्याची रीत तेव्हाची. आजच्या संमिश्र द्रव्यांच्या बुटावर पाण्याचा तसा परिणाम होत नाही, उलट रिव्हेट गंजतात. हे बूट दुकानातील खास भट्टीत सुमारे ८०° से. तापमानाला काही मिनिटे तापवतात. अचूक वेळ निर्माता ठरवतो. मऊ बूट घालून, टाच मागे ठोकून नाडी बांधतात आणि दहा-पंधरा मिनिटे बसून राहतात, उभे राहत नाहीत. नाडी बाहेरच्या दिशेने ओढल्यास छिद्रांच्या कड्या निसटू शकतात. पुढचा दिवसभर बर्फावर न जाणे इष्ट. तापवल्याने रुळवण्याची गरजच संपते, असा एक समज आहे. प्रत्यक्षात अस्तर, जीभ (नाडीखालची गादीदार पट्टी) आणि घोट्याभोवतीची गादी बर्फावरच्या काही तासांच्या हालचालीनंतरच पायाला बसते. सुरुवातीला पात्यांवर संरक्षक आवरण चढवून घरी बसल्या-बसल्या बूट घालणे, मग अर्ध्या-पाऊण तासाचे छोटे सराव करणे, हा क्रम सुरक्षित आहे.

बूट किती आवळ असावा, यावर नामवंतांचे दाखले टोकाचे वाटतात. कॅनडाच्या हॉकीपटूंपैकी पॉल कॉफी अतिशय लहान मापाचे स्केट वापरी आणि बॉबी ऑर मोजेच घालत नसे. सामान्य खेळाडूने एकच पातळ मोजा घालावा. टाच पक्की हवी. पण बधिरपणा, मुंग्या किंवा एकाच जागी टोचणारी वेदना सहन करू नये. घोट्याचे हाड एका ठिकाणी चावत असेल, तर दुकानात तेवढाच भाग आतून फुगवून घेता येतो. टाचेमागे हाडाचा उंचवटा वाढतो, त्याचे एक कारण बुटाचे तेथे होणारे सततचे घर्षण मानले जाते. जिभेच्या वाकणाशी नाडीचा दाब पडून घोट्याच्या पुढच्या स्नायुबंधांना सूज येते. तेव्हा सर्वांत वरचे छिद्र मोकळे सोडतात किंवा जीभ बदलतात.

भारतात हा खेळ मुख्यतः लडाखमध्ये रुजला. देश १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाचा सदस्य झाला. लडाखमध्ये आरंभी लष्करी बुटांना पाती ठोकून खेळत आणि पुढे परदेशातून भेट आलेली वापरलेली स्केट मिळू लागली. वापरलेला बूट आधीच्या पायाच्या आकाराला बसलेला असतो. जाड मोजे घालून पोकळी भरली तरी टाच सैलच राहते. द्रव्य तापवण्याजोगे असेल, तर तो पुन्हा तापवून घेणे हा त्यावरचा उपाय आहे.