स्क्रब टायफसचा नकाशा: खंडव्यापी त्रिकोणापासून येऊरच्या पायवाटेपर्यंत

पावसाळा ओसरू लागतो आणि ठाणे, नवी मुंबईतील दवाखान्यांत तापाच्या रुग्णांची रांग वाढते, तेव्हा मलेरिया, डेंग्यू आणि लेप्टोस्पायरोसिस या तिन्ही तपासण्या जवळपास हातासरशी लिहून दिल्या जातात. स्क्रब टायफसची आठवण बहुधा या तिन्ही निगेटिव्ह आल्यावर होते. या आजाराचा धोका एखाद्या शहराच्या नकाशावर मांडायचा झाल्यास नेमके काय मोजावे लागते आणि ते मोजण्याची पद्धत कशी घडत गेली, याचा हा आढावा आहे.

आजाराचा जंतू ओरिएन्शिया सुत्सुगामुशी. तो माणसापर्यंत पोहोचवते ती ट्रॉम्बिक्युलिड माइट या कोळ्याच्या जातकुळीतील बारीक जीवाची अळी, जिला चिगर म्हणतात. भारतात यात लेप्टोट्रॉम्बिडियम डेलिएन्स ही जात प्रमुख मानली जाते. पहिल्या पावसानंतर मातीवर फिरणारा मखमली लाल मृगाचा किडा आपल्याकडे सर्वांच्या ओळखीचा आहे. चिगर त्याच्याच दूरच्या भाऊबंदकीतील आहे, मात्र मृगाच्या किड्यापासून हा आजार होत नाही. चिगर पाव मिलिमीटरहूनही लहान, सहा पायांची असते आणि आयुष्यात एकदाच उंदीर, चिचुंद्री किंवा वाटेत आलेल्या माणसाच्या अंगावर चढून काही दिवस पेशीद्रव शोषते. त्यानंतरच्या आठ पायांच्या अवस्था मातीतच राहतात आणि कीटकांच्या अंड्यांवर जगतात. जंतू मादीकडून अंड्यांत आणि अंड्यांतून पुढच्या पिढीत उतरतो, म्हणजे आजाराचे कोठार मुख्यतः माइट स्वतःच आहे. डासासारखी ती उडत नाही, गोचिडासारखी तीन-तीन प्राण्यांवर फिरत नाही. जिथे जन्मते त्याच्या काही मीटरच्या आतच तिचे आयुष्य सरते. नकाशाच्या दृष्टीने या आजाराचा सर्वांत महत्त्वाचा गुण हाच.

हा गुण जपानमध्ये फार आधी लक्षात आला होता. निगाता प्रांतात शिनानो नदीच्या पूरमैदानात उन्हाळ्यात कामाला जाणाऱ्या शेतकऱ्यांनाच हा ताप येतो आणि तोही ठराविक पट्ट्यांत, हे तेथील लोकांना ठाऊक होते. जंतूची ओळख १९३०च्या सुमारास जपानी संशोधकांनी पटवली. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश आणि आसामच्या आघाडीवर या तापाने दोन्ही बाजूंच्या सैन्याला हैराण केले, आणि त्याच काळात इंफाळ येथे काम करणाऱ्या जे. आर. ऑडी या ब्रिटिश संशोधकाने ‘माइट बेटां’ची कल्पना मांडली. सलग दिसणाऱ्या गवताळ रानात संसर्ग सलग पसरलेला नसतो, तर तो लहान लहान तुकड्यांत साचलेला असतो. एका तुकड्यात तंबू ठोकणारी तुकडी आजारी पडते आणि शेजारची सुखरूप राहते. त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली. ही बेटे घनदाट जंगलात कमी आणि माणसाने एकदा तोडून सोडून दिलेल्या जमिनीवर, पुन्हा माजलेल्या झाडोऱ्यात अधिक असतात. १९४८ मध्ये क्वालालंपूर येथे क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकाने रुग्ण बरे होतात हे सिद्ध झाले, पुढे डॉक्सिसायक्लिन आले, आणि औषध हाती आल्यावर बेटे शोधण्याची निकड कमी झाली. माझ्या मते नकाशाच्या कामाचे खरे नुकसान याच यशाने केले.

पुढची अनेक दशके पाठ्यपुस्तकांत उरला तो एक अवाढव्य त्रिकोण: उत्तरेला जपान आणि रशियाचा अतिपूर्व भाग, दक्षिणेला ऑस्ट्रेलियाचे उत्तर टोक, पश्चिमेला पाकिस्तान-अफगाणिस्तान, एकूण सुमारे १ कोटी ३० लाख चौरस किलोमीटर. दक्षिण चिलीतील चिलोए बेटावर आणि दुबईत या कुळातले संसर्ग आढळल्यानंतर त्याच्या बाजूही पक्क्या राहिल्या नाहीत. तसेही, ज्या त्रिकोणात अख्खा भारत मावतो तो कळव्यातल्या डॉक्टरला कशाला उपयोगी पडणार?

भारतात आजाराकडे पुन्हा लक्ष गेले ते २००० नंतर, हिमाचल आणि दार्जिलिंगच्या डोंगराळ भागांतील उद्रेकांमुळे. पण सर्वांत बोलके उदाहरण गोरखपूरचे आहे. तेथे १९७८ पासून मुलांचा मेंदूज्वर जपानी एन्सेफलायटिसच्या नावाने ओळखला जात होता. लसीकरण झाल्यावरही पावसाळी मृत्यू थांबेनात, तेव्हा गेल्या दशकात केलेल्या तपासण्यांतून या रुग्णांत स्क्रब टायफसचा मोठा वाटा असल्याचे पुढे आले. ज्या आजाराचा नकाशा आधी तयार असतो, त्याच्याच खात्यात नवे रुग्ण जमा होत राहतात. ठाणे परिसरात ते खाते लेप्टोस्पायरोसिसचे आहे. २६ जुलै २००५च्या महापुरानंतर लेप्टो इथल्या प्रत्येक डॉक्टरच्या मनात पक्का बसला, आणि ताप, अंगदुखी, कावीळ, मूत्रपिंडावर ताण ही लक्षणे दोन्हीकडे सारखीच. महाराष्ट्रात स्क्रब टायफसची मोठी चर्चा झाली ती २०१८ मध्ये नागपूर आणि विदर्भातील रुग्णांमुळे. त्यामुळे हा विदर्भाचा आजार अशी एक सोयीची समजूत कोकणपट्टीत रुजली.

स्थानिक नकाशा तीन तऱ्हेच्या माहितीवर उभा राहतो. पहिली कीटकशास्त्रीय. संध्याकाळी खोबऱ्याचा तुकडा किंवा सुकी मासळी लावून पिंजरे ठेवायचे, सकाळी सापडलेल्या उंदीर-चिचुंद्र्यांचे कान भिंगाखाली पाहायचे. चिगर बहुतेकदा कानाच्या आतल्या कडेला दाटीने चिकटलेल्या असतात, नुसत्या डोळ्यांना नारिंगी भुकटी सांडल्यासारख्या दिसतात. त्या बारीक कुंचल्याने अल्कोहोलमध्ये उतरवून मोजल्या की प्रत्येक प्राण्यामागे सरासरी किती, हा चिगर निर्देशांक मिळतो. डेलिएन्स जातीसाठी ०.६९ ही धोक्याची पातळी मानण्याचा प्रघात आहे. निव्वळ उंदीर मारून मात्र भागत नाही, कारण मातीतल्या अळ्या तशाच उरतात आणि त्यांना मिळेल तो यजमान चालतो.

दुसरी माहिती उपग्रहाची. २०१५ पासून उपलब्ध झालेल्या सेंटिनेल-२च्या चित्रांत एक चौकोन दहा मीटरचा असतो. त्यातून गवत, झुडूप, बांधकाम आणि ओलावा वेगळा काढता येतो. माइटचे बेट त्याहूनही लहान असू शकते, म्हणून उपग्रह शोध कुठे घ्यावा हे सांगतो, जंतू सापडल्याचे सांगत नाही. तिसरी माहिती रुग्णांची, आणि ती सर्वांत निसरडी आहे. वाईल-फेलिक्स ही जुनी स्वस्त चाचणी पुष्कळ रुग्ण सोडून देते. रक्तातील प्रतिपिंडे शोधणारी आयजीएम एलायझा साधारण पहिल्या आठवड्यानंतर भरवशाची ठरते, पण पुढे काही महिने पॉझिटिव्ह राहू शकते. जंतूचे जनुकीय द्रव्य शोधणारी पीसीआर लवकर सांगते, पण सगळीकडे होत नाही. चावलेल्या जागी पडणारी काळी, न दुखणारी खपली ही सर्वांत भक्कम खूण. ती काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली किंवा स्तनाखाली लपलेली असते, आणि गर्दीच्या ओपीडीत कपडे काढून तपासायला आडोसा आणि वेळ दोन्ही अपुरे पडतात.

आता इथल्या जमिनीकडे पाहू. येऊरचे डोंगरउतार, पारसिकची रांग, खारघरचे डोंगर ही नावे सहज सुचतात, पण ऑडींचे निरीक्षण प्रमाण मानले तर लक्ष रानाच्या पोटापेक्षा त्याच्या कडेकडे द्यावे लागेल. याला पुष्टी देणारा अभ्यास तैवानचा आहे. जागतिक व्यापार संघटनेत गेल्यावर तिथे भातशेती पडीक राहू लागली, आणि नांगरलेल्या पडीक शेतांपेक्षा न नांगरता सोडलेल्या शेतांत उंदीर आणि चिगर अधिक आढळल्या. नवी मुंबई उभी राहिली ती सिडकोने १९७० नंतर संपादित केलेल्या भातखाचरांवर, मिठागरांवर आणि खारजमिनीवर. त्यातले कितीतरी भूखंड कुंपण घालून वर्षानुवर्षे रिकामे राहिले, आणि आजही पावसाळ्यानंतर त्यांत पुरुषभर गवत उभे असते. घोडबंदर रस्त्याच्या कडेलाही तेच चित्र आहे. भरतीच्या पाण्यात बुडणारी कांदळवने आणि त्यांच्या बांधावरचे कोरडे गवत या दोन वेगळ्या जागा धरायला हव्यात, तसेच पावसाचे आणि भरतीचे पाणी साठवणाऱ्या धारण तलावांचे काठही. धोका कोणाला, याचे उत्तरही इथूनच निघते: येऊरच्या पाड्यांवरून सरपण आणणाऱ्या बायका, उद्यानात आणि दुभाजकांवर गवत कापणारे कंत्राटी कामगार, बांधकामावरच्या झोपड्यांत राहणारी कुटुंबे, मोकळ्या भूखंडावर चेंडू शोधणारी पोरे.

नोंदींची अडचण प्रशासकीय आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा झाला, त्यामुळे त्याआधीचे आणि नंतरचे ठाणे जिल्ह्याचे आकडे एका ओळीत लावता येत नाहीत. जुन्या आकड्यांत जव्हार-मोखाड्याचे डोंगर आहेत, नव्यात नाहीत. नवी मुंबई महापालिका ठाणे जिल्ह्यात, तर लगतचे खारघर २०१६ मध्ये स्थापन झालेल्या पनवेल महापालिकेत, म्हणजे रायगडमध्ये. बेलापूरचा माणूस खारघरच्या डोंगरावर फिरायला गेला आणि तिथे चिगर चावली, तर रुग्ण ठाण्याच्या खात्यात आणि माइट रायगडच्या जमिनीत. रुग्णाची नोंद घराच्या पत्त्यावर होते, तो पत्ता बाराव्या मजल्यावरचा असू शकतो, आणि नकाशावर ठिपका त्या इमारतीवर पडतो.

चावा आणि ताप यांत सहा ते एकवीस दिवसांचे अंतर असते. म्हणून नकाशासाठी घेतलेल्या नोंदीत पत्त्यासोबत गेल्या तीन आठवड्यांत रुग्ण कुठे गवतात बसला, कुठे काम केले, गावी गेला होता का, हे विचारणे अपरिहार्य ठरते. गणपतीत कोकणात जाऊन आलेल्या ठाणेकराचा ठिपका रत्नागिरीत पडायला हवा की येऊरला, हे दुसऱ्या कोणत्याही मार्गाने ठरत नाही.